माझ्या तोंडी कुणाचे शब्द?

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चिडायचं आहे त्यांना शेवटपर्यंत थांबावं लागणार नाही. रविवारच्या सार्वजनिक उपासनेत ख्रिस्ती मंडळीने फक्त बायबलच्या स्तोत्रसंहितेतली स्तोत्रं गावीत. दीडशेच्या दीडशे, आणि त्यांच्याखेरीज काही नाही. नाताळची गाणी नाहीत, यूट्यूबवरची वर्शिप गाणी नाहीत, इंग्रजी हिम्सची मराठी भाषांतरं नाहीत, आणि (इथे माझ्या ओळखीतले निम्मे लोक वाचणं सोडतील) रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदंसुद्धा नाहीत.

ज्यांचा चर्चशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्तोत्रसंहिता म्हणजे बायबलच्या साधारण मध्यावर येणारं १५० कवितांचं पुस्तक. मूळ हिब्रूत. बरीच स्तोत्रं दावीद राजाच्या नावावर, काही आसाफाच्या, काही कोरहपुत्रांच्या, कित्येक निनावी. यहुदी लोक ती गात होते, येशू ती गात मोठा झाला, त्याचे शिष्यही ती गात होते. आज आपण ती वाचतो. गातो दुसरंच काहीतरी. माझं भांडण या 'दुसरंच काहीतरी'शी आहे.

प्रवचन ऐकायचं असतं, गाणं म्हणायचं असतं

रविवारी पाळकसाहेब प्रवचन करतात तेव्हा मी बाकावर बसून ऐकतो. एखादा मुद्दा पटतो, एखादा पटत नाही. पटला नाही तर मी गप्प राहतो, घरी येऊन शास्त्र उघडतो, पुढच्या रविवारी त्यांना गाठून विचारतो. ऐकणाऱ्याला ही मोकळीक असते. प्रवचनाचे शब्द त्यांचे, कान माझे.

गाण्याचं तसं नसतं. "चला, उभे राहून गाऊ या" असं म्हटलं गेलं की समोरच्या पडद्यावर आलेले शब्द मी माझ्या तोंडाने, देवाला उद्देशून, पहिल्या पुरुषात उच्चारायचे असतात. 'मी तुला सर्व काही देतो', 'माझ्या मनात आता भीती उरली नाही', 'तू मला हे यश देणारच आहेस.' हे कुणी लिहिलं? कधी? कोणत्या समजुतीने? मला माहीत नसतं. पुढची ओळ काय आहे हेही माहीत नसतं, कारण स्लाइड अजून बदललेली नसते. आणि शेजारी अडीचशे माणसं गात असताना तोंड मिटून उभं राहणं म्हणजे भांडण काढल्यासारखंच दिसतं.

म्हणजे उपासनेत माझ्या सद्सद्विवेकावर सगळ्यात मोठी सत्ता पाळकाची नसते. ती गाणं निवडणाऱ्याची असते. प्रवचन करण्यासाठी आपण माणसाला सेमिनरीत पाठवतो, परीक्षा घेतो, दीक्षा देतो. गाणं निवडायला मात्र कुणाच्या तरी मोबाइलवरची एक लिंक पुरते. माझ्या नोकरीत दोन ओळींचा कोडसुद्धा दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. चर्चमध्ये शुक्रवारी सरावाला आलेलं गाणं रविवारी लहान मुलांपासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं.

यावर एक साधा उपाय आहे. उपासनेत माझ्या तोंडी शब्द घालण्याचा अधिकार देवाखेरीज कुणालाच द्यायचा नाही. आणि देवाने त्यासाठी एक पुस्तक दिलेलं आहे.

प्रमाण काय?

हे ऐकून काही जण म्हणतात, ही कर्मठ पाश्चात्त्य कल्पना झाली. आपल्या मातीत असलं काही चालत नाही. मला वाटतं, आपल्या मातीइतकी ही कल्पना दुसरीकडे कुठेच सहज समजणार नाही. वारकरी कीर्तन ऐकलंय ना? कीर्तनकार कितीही मोठा असो, निरूपणासाठी तो संतांचा अभंग घेतो. स्वतः रचलेला नाही. मधे दृष्टान्त सांगेल, विनोद करेल, राजकारण्यांना चिमटे काढेल, पण मुद्दा सिद्ध करायची वेळ आली की 'प्रमाण' देतो, म्हणजे ज्ञानोबांची ओवी किंवा तुकोबांचा अभंग. शेवटच्या चरणातली 'तुका म्हणे' ही मुद्रा नुसती सही नसते, ती अधिकाराची खूण असते. हरिपाठाचे अभंग ठरलेले आहेत. वारीतल्या दिंडीत कुठल्या वेळी काय म्हणायचं याची मालिका ठरलेली आहे. म्हणून वारकऱ्यांची भक्ती आटली असं कुणी म्हणत नाही. उलट, हजारो माणसं पुस्तक न उघडता एका सुरात गातात, ती याच ठरलेपणामुळे.

ख्रिस्ती धर्मात हाच प्रश्न सोळाव्या शतकात उभा राहिला: उपासनेत जे करतो त्याला प्रमाण काय? लूथरचं म्हणणं साधारण असं होतं की शास्त्राने जे निषिद्ध ठरवलेलं नाही ते चालेल. लूथरने स्वतः उत्तम गाणी रचली. जिनिव्हाच्या कॅल्विनच्या परंपरेने उलट टोक धरलं: शास्त्राने जे सांगितलेलं नाही ते सार्वजनिक उपासनेत आणायचं नाही. वरवर पाहता दुसरा नियम जास्त जाचक वाटतो. जाच कुणाला होतो ते मात्र पाहा. तो होतो बिशपला, राजाला, पाळकाला, आजच्या भाषेत वर्शिप लीडरला. मागच्या बाकावरच्या माणसाला त्या नियमाने संरक्षण मिळतं. १६४०च्या दशकात लंडनमध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रकात हा मुद्दा स्पष्ट आहे: माणसाच्या सद्सद्विवेकाचा धनी एकटा देव, आणि श्रद्धा नि उपासना यांबाबत देवाच्या वचनापलीकडे जाऊन माणसांनी घातलेल्या नियमांतून तो मुक्त आहे. त्याच दस्तऐवजात उपासनेचे घटक मोजताना स्तोत्रं गाण्याचा उल्लेख येतो. मला या दोन कलमांत विरोध दिसत नाही. पहिल्यातूनच दुसरं निघतं.

ज्यांनी हे करून पाहिलं

कॅल्विनच्या जिनिव्हात १५६२ साली दीडशेही स्तोत्रं फ्रेंच छंदात बांधून पूर्ण झाली. क्लेमां मारो आणि थिओडोर बेझ यांनी शब्द बांधले. चाली सव्वाशेच्या आसपास. चालींबाबत तिथलं सरकार इतकं काटेकोर होतं की लुई बूर्जुआ या संगीतकाराने परवानगीशिवाय काही चाली बदलल्या म्हणून त्याला १५५१मध्ये तुरुंगाची हवा खावी लागली. (याचं समर्थन मी करत नाही. आमच्या कीबोर्डवाल्या दादांना ही गोष्ट सांगावीशी वाटते, एवढंच.) फ्रान्समध्ये छळ झालेल्या ह्यूगनॉ लोकांना हीच स्तोत्रं तोंडपाठ होती. लढाईला जाताना ते ६८वं स्तोत्र गात.

स्कॉटलंडमध्ये १६५०चं छंदोबद्ध स्तोत्रांचं पुस्तक आलं. ते एका रात्रीत झालेलं नव्हतं. फ्रान्सिस राऊसच्या मूळ भाषांतरावर कित्येक वर्षं समित्या बसल्या, ओळ न् ओळ हिब्रूशी ताडून पाहिली. त्यातली बहुतेक स्तोत्रं एकाच साध्या बांधणीत आहेत: आठ, सहा, आठ, सहा अक्षरावयवांच्या चार ओळी. म्हणजे एक चाल आली की शंभराहून जास्त स्तोत्रं गाता येतात. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपला मोठा अभंग सहा, सहा, सहा, चार अक्षरांचा. एक चाल आली की तुकोबांचे शेकडो अभंग म्हणता येतात. सामान्य माणसाच्या तोंडी धर्म पोहोचवण्यासाठी दोन्हीकडच्या लोकांनी तीच युक्ती केली.

स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या लुईस बेटावर गेलिक भाषेत आजही स्तोत्रं गातात. एक जण ओळ सुरू करतो, आणि मंडळी ती उचलते. प्रत्येक जण आपापल्या हरकती घेत, पण एकाच ओघात. वाद्य एकही नाही. रेकॉर्डिंग ऐकाच. पेटीमागे झील धरणारे ऐकलेल्या कानांना ते परकं वाटणार नाही.

मग हे मोडलं कसं? १७१९ साली आयझॅक वॉट्स या इंग्रज पाळकाने दावीदाची स्तोत्रं 'नव्या कराराच्या भाषेत' पुन्हा रचली. वॉट्स मोठा कवी होता, त्याचा हेतूही प्रामाणिक होता. त्याचं म्हणणं, दावीद ख्रिस्ती असता तर कसा बोलला असता तसं आपण गावं. पण दावीदाला सुधारायला बसलेल्या कवीचा हात कुठे थांबेल? वॉट्सने काही ठिकाणी इस्राएलच्या जागी ब्रिटन घातलं. पुढे अमेरिका स्वतंत्र झाली, आणि तिथल्या चर्चांची पंचाईत झाली. देवाने ब्रिटनचं रक्षण केलं म्हणून आता कसं गायचं? मग १७८५मध्ये जोएल बार्लो या कवीला वॉट्स दुरुस्त करून अमेरिकेला साजेसा करावा लागला. माणसाने रचलेल्या उपासनेच्या गाण्याचं हेच होतं. ते आपल्या काळाचं, आपल्या देशाचं, आपल्या वर्गाचं ओझं घेऊन येतं. दावीदाच्या शब्दांना ही दुरुस्ती कधीच लागली नाही.

सियालकोटचा आंधळा कवी

'हे सगळं गोऱ्यांचं' म्हणणाऱ्यांनी पंजाबकडे पाहावं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या ज्या प्रेस्बिटेरियन पंथाचे मिशनरी सियालकोटला आले, तो पंथ उपासनेत फक्त स्तोत्रं गाणारा होता. ही त्यांची अडचण पंजाबच्या पथ्यावर पडली. इतर मिशन्सनी जिथे गेले तिथे आपापली इंग्रजी हिम्स भाषांतरित करून दिली. या लोकांना ती पळवाटच नव्हती. गायचं असेल तर स्तोत्रंच, आणि ती पंजाबीत असायला हवीत. ते काम इमामुद्दीन शाहबाज या पाळक-कवीने केलं. दीडशेही स्तोत्रं त्याने पंजाबी छंदात बांधली, लोकांच्या ओळखीच्या देशी चालींवर बसवली. काम चालू असताना त्याची दृष्टी गेली, तरी काम थांबलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'पंजाबी जबूर' पूर्ण झाली. लांब स्तोत्रांचे तुकडे केल्याने चारशेहून जास्त गीतं झाली.

ती गाणारे कोण होते? बहुसंख्य लोक चुहडा जातीतले, गावाबाहेर ढकललेले, अक्षरओळख नसलेले. त्यांनी ती कानाने शिकली आणि तोंडपाठ केली. आज सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना पंजाबी ख्रिस्ती माणूस, मग तो कॅथलिक असो, प्रेस्बिटेरियन असो की पेन्टेकोस्टल, हीच गीतं गातो. लग्नात गातो, मयतात गातो. ज्या अमेरिकन पंथाने ती आणली, त्याने स्वतः १९२५मध्ये फक्त स्तोत्रांचा नियम सोडून दिला. पंजाब्यांनी जबूर सोडली नाही.

महाराष्ट्रात आपल्याला काय मिळालं? अहमदनगर, जालना, सोलापूर या भागांतली आपली बहुतेक घराणी महारवाड्यातून नि मांगवाड्यातून आलेली. आपल्याकडेही मिशनरी आले. आपल्याला भाषांतरित हिम्स मिळाली, टिळकांसारख्यांनी सुंदर पदं दिली. पण आपल्या एखाद्या आजीला अख्खी स्तोत्रसंहिता गाऊन पाठ आहे, असं कधी ऐकलंय? पंजाबातल्या निरक्षर आजीला जे शक्य झालं, ते आपल्या आजीच्या वाट्याला आलंच नाही.

आपण काय गात नाही

दीडशेपैकी किमान एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. १३वं स्तोत्र देवाला 'किती काळ' असं चारदा विचारतं. ४४व्या स्तोत्रात अख्खा समाज देवाला म्हणतो की आम्ही तुला सोडलं नाही, मग तू का झोपला आहेस. ७३व्यात कवी कबूल करतो की दुष्टांची भरभराट पाहून त्याचा पाय घसरणारच होता. ८८वं तर अंधारावरच संपतं. शेवटी सगळं ठीक होण्याची सोयसुद्धा तिथे नाही.

आता आपल्या रविवारच्या गाण्यांची यादी काढा. हिलसाँग, बेथेल, एलिव्हेशन, पॅशन अशा मोजक्या परदेशी चर्चांनी जगभर पसरवलेली गाणी, त्यांची हिंदी-मराठी रूपं, आणि त्यांच्या धर्तीवर इथे रचलेली. विजय, आशीर्वाद, आनंद, तू महान, मी तुझा. यातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर कदाचित खरं असेल. पण फक्त एवढंच गाणारी मंडळी खोटी होत जाते. २०२१च्या दुसऱ्या लाटेनंतर आम्ही पुन्हा चर्चमध्ये जमलो, तेव्हा ओळखीची कितीतरी माणसं बाकांवर नव्हती. ड्रम सेट मात्र होता. टाळ्यांच्या ठेक्यावर पहिलं गाणं विजयाचं झालं. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई बसून होत्या; त्यांचा नवरा मे महिन्यात गेला होता. त्या उभ्या राहिल्या नाहीत, गायल्याही नाहीत. त्यांच्यासाठी ८८वं स्तोत्र पुस्तकात छापलेलं होतं. ते गाण्याची सोय आम्ही ठेवलेली नव्हती.

रागाचंही तसंच. १३७व्या स्तोत्राचा शेवट वाचताना अंगावर काटा येतो. ५८, १०९ हीदेखील तशीच. 'येशूच्या अनुयायांनी असे शाप कसे गायचे?' हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, आणि तो बहुधा सुखवस्तू माणसं विचारतात. ते शब्द राजधानी जळालेल्या, मुलाबाळांची कत्तल पाहिलेल्या कैद्यांचे आहेत. ते सूड घ्यायला निघालेले नाहीत. सूडाची फाइल ते देवाच्या टेबलावर ठेवतात. १०वं स्तोत्र वाचा, ९४वं वाचा: गरिबाला दबा धरून पकडणारा, अनाथाला मारणारा, 'देव बघत नाही' म्हणणारा बलवान तिथे आहे. ज्यांच्या पणज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्यांच्या तोंडून हे शब्द काढून घेऊन आपण त्यांना 'माझं मन शांत आहे' असं गायला शिकवलं. हे पाप जुन्या मिशनचं एकट्याचं नाही. आपण ते दर रविवारी नव्याने करतो.

कुठलीही गीतसमिती ८८वं स्तोत्र लिहिणार नाही. लिहिलंच तर शेवटी आशेचं एक कडवं जोडेल. म्हणून निवड आपल्या हातात नको. आवडतं तेवढंच गात राहिलो, तर आपण आपल्याच मापाचा देव तयार करतो.

आक्षेप

'स्तोत्रांत येशूचं नावच नाही.' शब्द नाही, खरं. पण नव्या कराराच्या लेखकांनी येशू कोण हे सांगायला सर्वांत जास्त आधार घेतला तो स्तोत्रसंहितेचा आणि यशयाचा. इब्री लोकांस पत्राचा पहिला अध्याय जवळजवळ स्तोत्रांच्या विटांनीच बांधलेला आहे. वधस्तंभावर येशूने जो परित्यागाचा आक्रोश केला, ते २२व्या स्तोत्राचे सुरुवातीचे शब्द. शेवटच्या भोजनानंतर तो शिष्यांसह गाऊन बाहेर पडला. वल्हांडणाच्या रात्री ११३ ते ११८ ही स्तोत्रं म्हणण्याची यहुदी रीत होती. आपण त्याच्याविषयी गाणी रचतो. स्तोत्रं गाताना आपण त्याच्यासोबत गातो.

'पौल तर स्तोत्रं, गीतं आणि आध्यात्मिक गाणी, असं तीन प्रकारांबद्दल बोलतो.' इफिसकरांस आणि कलस्सैकरांस पत्रांतला हा उल्लेख माझ्याविरुद्ध नेहमी वापरला जातो. पण पौलाचे वाचक जुना करार ग्रीक भाषांतरात वाचत, आणि त्या भाषांतरात स्तोत्रांच्या मथळ्यांवर हेच तीन ग्रीक शब्द येतात. ७६व्या स्तोत्राच्या मथळ्यात तर तिन्ही एकत्र आहेत. ज्या माणसाच्या हातात ते पुस्तक होतं, त्याला हे तीन शब्द ऐकून काय आठवलं असेल?

'प्रार्थना स्वतःच्या शब्दांत चालते, मग गाणं का नाही?' कारण बायबलने आपल्याला दीडशे गीतांचं पुस्तक दिलं, तसं दीडशे प्रार्थनांचं पुस्तक दिलेलं नाही. शिवाय प्रार्थनेत एक जण बोलतो, बाकीचे पटलं तर 'आमेन' म्हणतात. गाण्यात 'आमेन' म्हणण्याआधीच शब्द तोंडातून गेलेले असतात.

'छंदात बसवलेलं स्तोत्रही माणसाचीच रचना नाही का?' हा मला सर्वांत वजनदार आक्षेप वाटतो. छंदासाठी शब्द हलतात, कधी एखादा भर घालावा लागतो. पण हाच आक्षेप मराठी बायबललाही लागू आहे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. १९२४ साली प्रसिद्ध झालेलं ते बायबल आपण 'रमाबाईंची रचना' म्हणून वाचत नाही. भाषांतर मुळाला बांधलेलं असतं. ते चुकलं तर हिब्रू दाखवून दुरुस्त करता येतं. स्वतंत्र गाणं चुकलं तर कशाशी ताडून पाहणार?

वाद्यांबद्दल मी मुद्दाम बोललो नाही. स्तोत्रं गाणारे बरेच पंथ वाद्यं वापरत नाहीत, पंजाबी जबूर मात्र ढोलकीवर आणि पेटीवर गायली जाते. तो वाद वेगळा आहे.

आणि टिळक?

हे सगळं ऐकून झाल्यावर आमच्या मंडळीतल्या एक मावशी मला म्हणाल्या, "अरे, म्हणजे टिळकांना तू चर्चबाहेर काढणार!" त्यांच्या आवाजातला धक्का मला समजतो. मराठी ख्रिस्ती माणसाला हिंदू मित्रासमोर अभिमानाने काही दाखवायचं असेल तर तो टिळक दाखवतो. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं सांगणारा हा कवी. उपऱ्या चालींत अडखळणाऱ्या मंडळीला त्याने अभंग दिला, भजन दिलं, तिची स्वतःची भाषा दिली. मयताच्या घरी त्यांचं पद सुरू झालं की माझाही गळा दाटतो.

म्हणूनच टिळकांकडे नीट पाहू या. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारायला निघाला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. टिळकांनी कीर्तनं केली, 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं आणि ते अपुरं ठेवून १९१९मध्ये गेले. त्यांच्या कवितेची जागा चर्चच्या चार भिंतींपेक्षा कितीतरी मोठी होती. मी टिळकांना घरातून, कीर्तनातून, रस्त्यावरून, शाळेच्या पुस्तकातून, मयताच्या अंगणातून काढायला निघालेलो नाही. तिथे ते आजच्यापेक्षा जास्त गायले जावेत. माझा आग्रह आठवड्यातल्या एका तासापुरता आहे, जिथे मंडळी मंडळी म्हणून देवासमोर उभी राहते आणि जिथे येणाऱ्या प्रत्येकाला 'हे शब्द कुणाचे' असं विचारायचा हक्क असतो. टिळक कितीही थोर असले तरी तिथे माझ्या तोंडी शब्द घालण्याचा अधिकार त्यांना नाही. जो अधिकार टिळकांना नाही, तो शुक्रवारच्या सरावाला गिटार घेऊन आलेल्या मुलाला कुठून येणार?

उलट टिळकांचा खरा धडा आपण घेतलाच नाही. त्यांचं सांगणं होतं की रूप आपलं असावं. निकोल मॅकनिकोल या पुण्यातल्या स्कॉटिश मिशनऱ्याने १९१९मध्ये मराठी संतांच्या निवडक अभंगांचं इंग्रजी भाषांतर छापलं आणि त्याला नाव दिलं 'साम्स ऑफ मराठा सेंट्स', म्हणजे मराठी संतांची स्तोत्रं. स्तोत्रांच्या देशातून आलेल्या माणसाला अभंग ऐकून आपलं स्तोत्र आठवलं. आपण उलटा प्रवास का करू नये? अभंगाच्या देशातल्या माणसांनी स्तोत्राला अभंग का करू नये? गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाला मराठी ओवी बायबलची कथा पेलू शकते हे कळलं होतं. १५० स्तोत्रं पेलायला तिला जड जाणार नाही.

मग करायचं काय

कविता कळणारे, हिब्रू जाणणारे आणि पेटी-तबला वाजवणारे अशा माणसांना एकत्र बसवा. महाराष्ट्रात सेमिनऱ्या आहेत, कवी आहेत, भजनी मंडळं आहेत. एकेक स्तोत्र अभंगात किंवा ओवीत बांधा, हिब्रूशी ताडून पाहा, गावातल्या माणसाला एका ऐकण्यात उचलता येईल अशी चाल लावा. लेखकाचं नाव मोठं छापू नका. रेकॉर्डिंग फुकट टाका, म्हणजे रिक्षा चालवणाऱ्याच्या आणि वसतिगृहातल्या मुलीच्या फोनमध्ये ते पोहोचेल. आठवड्याला एक याप्रमाणे दीडशे स्तोत्रं तीन वर्षांत होतात.

तोवर वाट पाहायचीही गरज नाही. या रविवारी एक गाणं कमी करा आणि त्या जागी १३वं स्तोत्र छापील बायबलमधूनच, एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची, असं म्हणा. सहाच वचनं आहेत. त्या पुढच्या रांगेतल्या बाईंना त्यासाठी उभं राहायला सांगायची गरज पडणार नाही.